भ्यालेला खांदा

संपादकांचं पत्र आलं : 'डॉक्टरसाहेब, आपल्या व्यवसायातले चार गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा.' गमतीदार! उभा जन्म लोकांची दुखणी बघण्यात गेला त्या माणसाकडे हे गंमत मागतात. बरं, नाही म्हणावं तर संपादक माझ्या पुतण्याचे दोस्त. तेव्हा लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, यात गंमत थोडी आहे आणि भीती फार आहे. ज्यांना चकली खाता खाता हलकंफुलकं वाचायचंय, त्यांनी खुशाल पानं उलटावीत.

चाळीसच्या दशकात मी विटा आणि म्हसवडच्या मधल्या पट्ट्यात, एका बाजाराच्या गावी सरकारी दवाखान्यात होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी, मिक्स्चरच्या तीन मोठ्या बाटल्या आणि एक कंपाउंडर. हाडाचा फोटो काढायचा तर सांगलीकडे जायचं. मोटार दिवसातून एकदा, तीही लढाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. मोडलेला माणूस त्या मोटारीत घातला तर पोचेपर्यंत आणखी मोडायचा. त्यामुळे आतलं हाड बघायचं ते बोटांनी आणि डोळ्यांनी.

त्या मुलखात खांदे फार येत. मोट हाकणारे, उसाच्या मोळ्या वाहणारे, पलटणीतून रजेवर आलेले, आणि पैलवान. बाहेरच्या माणसाला वाटतं, खांदा म्हणजे गुडघ्यासारखाच एक सांधा. तसं नाही. मांडीचं हाड खोल वाटीत बसलेलं असतं, ते सहसा हलत नाही. खांद्याला वाटी नाहीच, नुसती बशी आहे. बशीवर लिंबू ठेवायचं आणि ते चहूबाजूंनी बांधून घ्यायचं, तसला प्रकार. हात चौफेर फिरतो तो त्यामुळेच, आणि निसटतो तोही त्यामुळेच.

मग दुखतंय कुठं, हे कळायचं कसं? माझी परीक्षा सोपी होती. पुरुष आला की मी म्हणायचो, "फेटा सोड आणि पुन्हा बांध." बाई आली की, "अंबाडा सोडून परत घाला." एकदा एका बाईचा नवरा बाह्या सरसावून उभा राहिला. "आवं डागदर, दुखतंय तिच्या खांद्यात आन् तुमी केसं काय बगताय?" त्याला समजावून सांगेपर्यंत माझाच घाम निघाला. अंबाडा घालताना हात वर जातो, बाहेर वळतो आणि मागे जातो. तो तिला नेता आला नाही आणि मी धरून नेला तरी गेला नाही, तर सांधा आखडलाय. तिला नेता येत नाही पण मी नेला की जातो, तर सांधा शाबूत आहे, उचलणारा स्नायू फाटलाय. बाजूनं हात वर नेताना मध्येच कळ येते आणि आणखी वर गेल्यावर थांबते, तर वरच्या हाडाखाली काहीतरी चिमटतंय. एवढ्यावर निम्मे खांदे ओळखू येतात. एका हवालदारानं मात्र मला चकवलं. त्याचा हात वर जाईना, तर पठ्ठ्यानं मान वाकवून डोकंच हाताकडे आणलं आणि फेटा बांधून मोकळा झाला. म्हटलं, "हवालदार, हे काय?" तर म्हणाला, "सायेब, हुकूम फेटा बांदायचा हुता. बांदला."

झाली गंमत. आता भीतीचं.

निखळलेला खांदा बसवायचा म्हणजे माणसाला उताणं निजवायचं, बूट काढून आपली टाच त्याच्या काखेत लावायची आणि त्याचा हात धरून सावकाश ओढत राहायचं. लिंबू परत बशीवर आलं की खट्ट आवाज होतो, आणि रडणारा माणूस एकदम गप्प होतो. बघणाऱ्यांना जादू वाटते. पण ओढण्याआधी दर वेळी मी भ्यायचो. कारण हाड निखळलेलं नसून मोडलेलं असलं, आणि तुम्ही ओढलंत, तर काखेतली रक्ताची नळी फाटू शकते. मग हात जातो, नाहीतर माणूस जातो. म्हणून आधी बघायचं, खांद्याची गोलाई जाऊन तिथं कोपरा आलाय का. दुखऱ्या हाताचा पंजा पलीकडच्या खांद्यावर ठेवायला सांगायचं. निखळलेल्याचं कोपर तेव्हा छातीला टेकत नाही. मनगटाची नाडी बघायची. शिपायाच्या दंडावर फीत असते त्या जागी टोचून, कळतंय का विचारायचं. हे सगळं मला पाठ होतं. तरी शिरवळकडून लेकीकडे आलेली एक म्हातारी बैलगाडीतून पडली, तेव्हा घाईघाईत मी तिच्या काखेत टाच लावून बसलो होतो. ओढणार, एवढ्यात तिनं दुखऱ्या हाताचाच पंजा सहज पलीकडच्या खांद्यावर ठेवला आणि पदर सारखा केला. कोपर छातीला टेकलं. मी टाच काढून घेतली. हाड मोडलं होतं. म्हातारीच्या पदरानं तिला वाचवलं आणि मलाही.

त्यानंतर मी कुणाकडूनही शिकायला लाजलो नाही. म्हणून गणूवस्तादांकडून शिकलो. वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे म्हातारे गुरू. कान मोडलेले, अक्षरओळख शून्य. पण खांद्यांच्या बाबतीत माझ्या पुस्तकांच्या पुढे. म्हसवडच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडावर त्यांचा एक पठ्ठा खाली आला तो उजवा हात धरूनच उठला. धोंडी त्याचं नाव. मेंढरं राखणाऱ्या घरातला, विशीचा, लाजाळू पोरगा. मी जत्रेच्या बंदोबस्तावर होतो. तिथंच लिंबाखाली त्याला निजवून खांदा बसवला. महिन्याभरानं वस्ताद त्याला घेऊन दवाखान्यात आले.

"बसला का न्हाई पक्का, सांगा," म्हणाले.

मी फेटा बांधून घेतला, हात वर केला, खाली केला. दुखत नव्हतं. "उत्तम आहे," म्हटलं.

वस्ताद हसले. "डागदर, तुमी खांदा बगताय. डोळं बगा त्येचं."

त्यांनी धोंडीचा हात बाजूला खांद्याइतका उचलला, कोपरात वाकवला, आणि गोफण मारायला हात मागे नेतात तसा सावकाश मागे फिरवायला लागले. धोंडीचे डोळे मोठे झाले. श्वास अडला, आणि डावा हात आपोआप वस्तादांच्या मनगटावर आला. "दुकतंय?" वस्तादांनी विचारलं. "न्हाई." "मंग?" "भ्या वाटतंय वस्ताद. निसटंल आसं वाटतंय."

"ह्ये बगा," वस्ताद म्हणाले. "दुकणारा वराडतो. निसटल्याला भितो. निसटायच्या आदी कळ येत न्हाई, भ्या येतं." मग त्यांनी आपला दुसरा पंजा खांद्याच्या पुढच्या बाजूला दाबून धरला आणि हात पुन्हा तसाच मागे फिरवला. या वेळी धोंडी शांत. "पुढनं आधार दिला की भ्या जातं. पंजा काढला की परत येतं. आता ह्येची कुस्ती सपली."

धोंडी मान खाली घालून गेला. मी मात्र हरखून गेलो. भीती हीच खूण! हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. पुढं दोनतीन वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्या पैलवानाचा हात मागे फिरवून त्याचे डोळे बघत असे. एकदाही चुकलो नाही. आणि मग माझ्या हातून ती चूक झाली. चूक कसली, मिरवण्याची हौस.

मामलेदारांच्या ओसरीवर रविवारी आम्ही चार सरकारी माणसं चहाला जमत असू. नवीन बदलून आलेले फौजदारही असत. गृहस्थ सभ्य, वाचनाची आवड, आवाज कधी चढायचा नाही. विषय निघाला की खरंखोटं ओळखायचं कसं. मी फुशारलो. म्हटलं, "तोंड खोटं बोलतं, खांदा बोलत नाही." आणि माझ्या कंपाउंडरला उभा करून सगळी परीक्षा करून दाखवली. हात किती उचलायचा, कसा फिरवायचा, डोळे कसे बघायचे. वस्तादांचं वाक्यही म्हणून दाखवलं. पुढून पंजा लावायचं तेवढं सांगायचं राहिलं, कारण तेवढ्यात चहा आला. फौजदार म्हणाले, "फारच मार्मिक आहे हो." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बेचाळीसची चळवळ होऊन गेली होती, पण आमच्या भागात ती संपलेली नव्हती. गावोगाव भूमिगत मंडळी होती. रात्री कोण कुणाकडे जेवून गेलं हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं आणि दिवसा कुणालाच ठाऊक नसायचं. धोंडी त्यांच्यात गेलाय, एवढं माझ्या कानावर होतं. वस्ताद मला एकदा एवढंच म्हणाले, "कुस्ती सुटली, मंग जीव रमंना त्येचा."

बाजाराचा दिवस होता. पडवी पेशंटांनी भरलेली. एकाएकी सगळी कुजबुज थांबली. मी मान वर केली तर दारात फौजदार, मागे दोन शिपाई, आणि त्यांच्यामध्ये घोंगडं पांघरलेला, दाढी वाढलेला एक माणूस. ओठ सुजलेला.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला जरा तसदी," फौजदार म्हणाले. "हा म्हणतो, मी रामा, मेंढरं राखतो. आमचा खबऱ्या म्हणतो, आम्हाला हवा असलेला एक पैलवान आहे, त्याचा उजवा खांदा जत्रेत निखळला होता. चेहरा ओळखायला या पंचक्रोशीत एक माणूस पुढे येत नाही. तुम्ही ओळखता याला?"

मी ओळखलं होतं. दाढी कितीही वाढवली तरी मी बसवलेला खांदा मला कळतो. "रोज शंभर माणसं बघतो साहेब," मी म्हणालो. "नाही ओळखत."

"हरकत नाही. तुमची ती भीतीची परीक्षा करा. मारून काही उपयोग नाही, मारानं सगळेच भितात. तुमची रीत सभ्य आहे." आणि ते खुर्ची ओढून अगदी धोंडीच्या समोर बसले, डोळे बघायला. मीच शिकवलेल्या जागी.

खरं सांगतो, त्या क्षणी मला धोंडीची आधी आठवण झाली नाही. आधी माझी झाली. मागच्या बिऱ्हाडात बायको होती, सहा महिन्यांची मुलगी होती. खोटा दाखला दिला आणि उघडकीला आलं तर नोकरी जाईल, तुरुंग होईल. खरा दाखला दिला तर समोरचा पोरगा जाईल. त्याच्यावर कसले कसले आरोप असतील ते मनात आणायचंसुद्धा धाडस होईना. परीक्षा मुद्दाम चुकीची करावी, तर फौजदारांनी बरोबर कशी करतात ते ओसरीवर पाहिलेलं.

आणि मला पंजा आठवला.

मी धोंडीला स्टुलावर बसवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. मी त्याच्या मागे उभा राहिलो, डावा पंजा खांद्यावर पुढून असा ठेवला की बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर खांदा नुसता स्थिर धरतायत. तळव्याखाली हाडाचा गोळा लागला. तो दाबून धरला. दुसऱ्या हातानं त्याचा हात उचलला, कोपरात वाकवला आणि मागे फिरवत नेला. फौजदार पापणी न हलवता बघत होते. धोंडी शांत बसला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "खांदा चांगला आहे."

"असं?" फौजदार म्हणाले. जरा हिरमुसले. मी टेबलाशी जाऊन दाखला लिहिला, 'उजवा खांदा निर्दोष,' आणि सही केली. शिपाई काढून ठेवलेली बेडी गुंडाळायला वाकला. सुटला, असं मला वाटलं. देवा, सुटला.

"एक मिनिट," फौजदार उठत म्हणाले. "मी एकदा करून बघू का? त्या दिवसापासून हौस आहे. शिकून ठेवलेलं बरं."

नाही कसं म्हणणार? त्यांनी धोंडीचा हात उचलला. खांद्याइतका. कोपरात वाकवला. शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं होतं गृहस्थानं. पुढून पंजा नव्हता. हात मागे जायला लागला. धोंडी समोर बघत होता, म्हणजे माझ्याकडे, कारण मी टेबलापाशी उभा होतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. दगड तरी बरा. हात आणखी मागे गेला. त्याच्या कातडीखाली हाडाचा गोळा पुढे सरकताना मला दिसला. आता निसटणार. आता निसटणार. आणि काय होतंय हे मला कळायच्या आत मी दोन पावलं पुढे गेलो होतो, आणि माझा पंजा त्याच्या खांद्यावर होता.

फौजदार थांबले. त्यांनी धोंडीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"दुखणारा ओरडतो, निसटलेला भितो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतंत. पण डॉक्टरसाहेब, खांदा याचा, आणि डोळे तुमचे मोठे झाले. ते का?"

त्यांनी माझा पंजा अलगद बाजूला केला, हात पुन्हा फिरवला, आणि त्या खोलीत एक आवाज झाला. तो मी लिहीत नाही. धोंडी ओरडला नाही.

"दाखला चुकून लिहिला गेलेला दिसतो," फौजदार म्हणाले. "दुसरा लिहा. पहिला मी पाहिलाच नाही असं समजू."

आता जे लिहितो ते बायको आणि आणखी एक माणूस सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पहिला दाखला फाडला. धोंडीचा खांदा बसवला, आणि दुसरा दाखला माझ्या हातानं लिहिला : 'उजवा खांदा सैल, पूर्वी निखळलेला.' खाली सही केली. अक्षर चांगलं आलं होतं. त्याला घेऊन गेले. पडवीतली माणसं एकेक करून औषध न घेताच उठून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस दारात सावली पडली की मी दचकत असे. फौजदारांची भीती, गावाची भीती, धोंडीच्या माणसांची भीती. वस्ताद मला रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलत असे. त्यांनीही कधी हाक मारली नाही. पुढं मी आपणहून कुणाच्याही हाताची ती परीक्षा केली नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी एका दुपारी दारात सावली पडली. मी मान वर केली. धोंडी होता. वाळलेला, दाढी काढलेली, कानशिलावर पांढरे केस. माझे हात टेबलाखाली गेले.

"बसू का?" त्यानं विचारलं, आणि स्टुलावर बसला. त्याच स्टुलावर.

मीच म्हणालो, "धोंडी, माझ्यामुळं..."

"तुमी पंजा लावलात ते कळलं हुतं मला," तो म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतरचंबी कळलं. म्या तुमच्याकडंच बगत हुतो की. तुमचं त्वांड बगून म्हनलं, आता ह्यो डागदरच पडतोय का काय!" आणि तो हसला. मला हसू आलं नाही.

"मी दाखला लिहून दिला, धोंडी. माझ्या हातानं."

त्याचं हसू गेलं. "ठावं हाय," म्हणाला. "वाचून दावला मला. लय राग आला हुता. आतमदी आसताना ठरवलं हुतं, सुटलो की पयला तुमच्याकडं." मग म्हणाला, "आलो की. खांदा बगा. तिथं लय येळा निसटला."

मी त्याच्या मागे गेलो. पुढून पंजा लावला, हात उचलला.

"पंजा काडा."

"काढला तर भीती वाटेल."

"वाटू द्या की."

मी पंजा काढला. हात सावकाश मागे नेला, अगदी थोडासा. त्याचे डोळे मोठे झाले, श्वास अडला, डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. "बास! बास डागदर! निसटंल!" तो पडवीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. मी झटकन हात आत घेतला, छातीशी धरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्याही.

मी झोळी बांधायला घेतली. मानेमागं मारलेली गाठ माझ्या हातून दोनदा सुटली. धोंडीनं मान वळवून पाहिलं.

"आवं, आता तुमी कशाला भ्याताय?" तो म्हणाला. "आता माजं मी भितो की."